लेखांक 7 : ह्वांग गी-ह्वान आणि ते 35 मजूर

पॅरिसच्या शांतता परिषदेपुढे कोरियाची बाजू मांडायला गेलेल्या किम क्यू-सिक यांच्यामागोमाग आज मॉस्को गाठायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यावर. गेल्या वेळी ह्वांग गी-ह्वान यांचं नाव ओझरतं आलं आणि एका वाचकांनी लगेच विचारलं, 'मिस्टर सनशाइन' मालिकेतला यूजीन चोई तो हाच का?

कोरियात हे नातं हौसेने जोडलं जातं, पण ते फार ताणू नये. यूजीन जन्माने गुलाम, पुढे अमेरिकी मरीन दलातला अधिकारी, आणि त्याच वर्दीत मायदेशी परतणारा. ह्वांग जिवंतपणी मायदेशी परतले नाहीत. अंगावर अमेरिकी गणवेश चढवलेला कोरियन, साम्य म्हणायचं तर एवढंच. खरं नाट्य मालिकेत नाहीच.

1886 चा जन्म, 1904 मध्ये अमेरिका. 1918 मध्ये ते आपणहून सैन्यात दाखल झाले आणि युरोपच्या आघाडीवर त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. जून 1919 मध्ये ते पॅरिसला किम यांच्या मदतीला आले. ऑगस्टमध्ये किम अमेरिकेला निघाले आणि रू द शातोदंवरच्या 38 नंबरच्या घरातल्या कोरियन शिष्टमंडळाच्या कचेरीचा गाडा ह्वांग यांच्या गळ्यात पडला. व्हर्सायचा तह तोवर होऊन गेला होता. कोरियाचा अर्ज कुणी विचारातही घेतला नव्हता.

आणि अशात बातमी आली मुर्मान्स्कहून.

रशियाच्या उत्तर टोकाच्या या बंदरात पोटासाठी गेलेले कोरियन मजूर अडकले होते. शरद ऋतूत ब्रिटिश फौजा तिथून माघारी फिरल्या, तेव्हा त्यांतले सुमारे 200 जण त्यांच्याबरोबर एडिनबरोला पोचले. जपानने ताबडतोब दावा ठोकला : हे आमचे प्रजाजन, आमच्या हवाली करा. कागदोपत्री ते खरंही होतं, कारण 1910 पासून कोरिया जपानच्या घशात होता. शिवाय ब्रिटन आणि जपान 1902 पासूनचे दोस्त.

ह्वांग लंडनला गेले. शांघायमधल्या ज्या हंगामी कोरियन सरकारला जगात कुणी ओळखत नव्हतं, त्याचा वकील म्हणून ते ब्रिटिश अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले. इथे थोडं थांबून आपल्याकडे पाहायला हवं. त्याच वर्षी लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. शांतता परिषदेसाठी काँग्रेसने निवडलेले प्रतिनिधी, तरी पॅरिसला जायचा पासपोर्ट त्यांना मिळाला नाही. मार्चमध्ये त्यांना परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांच्याकडे निवेदन पाठवूनच भागवावं लागलं. खुद्द पॅरिसला पोचलेले किम आले होते तेही चिनी पासपोर्टवर. या सगळ्या माणसांची निम्मी लढाई कागदांशी होती.

ब्रिटिश सगळ्या मजुरांना सोडायला तयार नव्हते. बहुतेकांना पूर्वेकडे परत धाडण्यात आलं. ह्वांग यांनी एकीकडे फ्रेंच सरकारला मजूर हवे आहेत हे हेरलं, दुसरीकडे लंडनला गळ घातली आणि 35 जणांना सोडवून नोव्हेंबर 1919 मध्ये फ्रान्सला आणलं. 200 पैकी 35 म्हणजे फार नाहीत. पण पॅरिसच्या कचेरीने वर्षभरात पत्रकं काढली, मुलाखती दिल्या, अर्ज लिहिले. त्या साऱ्यात हाताला लागेल असं यश हेच, असं या लेखकाचं मत आहे.

या मंडळींना काम मिळालं मार्न भागातल्या सुइप गावी. महायुद्धाने तिथली जमीन खणून काढली होती. पडलेल्या सैनिकांची प्रेतं गोळा करायची, पुरायची, थडगी नीट करायची. असल्या मजुरीतून पैसे वाचवून त्यांनी सहा महिन्यांत पॅरिसच्या कचेरीला जवळपास 6000 फ्रँक दिले! आपली संघटनाही काढली, आणि 1 मार्च 1920 ला कोरियाच्या स्वातंत्र्य-आंदोलनाचा पहिला वर्धापनदिन सुइपमध्येच साजरा केला.

ह्वांग यांनी त्यानंतर पॅरिसहून 'ला कोरे लिब्र' हे मासिक चालवलं आणि लंडनमध्ये पत्रकार मॅकेंझी यांना हाताशी धरून कोरियाच्या मित्रांची संघटना उभी केली. एप्रिल 1923 मध्ये न्यूयॉर्कला हृदयविकाराने ते गेले. वय चाळिशीच्या आत. मूलबाळ नाही.

दक्षिण कोरियाच्या सरकारने त्यांना मरणोत्तर पदक दिलं 1995 मध्ये. क्वीन्समधल्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत त्यांची कबर सापडली 2008 मध्ये. दगडावर कोरियन अक्षरांत मृत्यूचं साल कोरलेलं होतं 'प्रजासत्ताक 5'. म्हणजे हंगामी सरकार स्थापन झालं त्या 1919 पासून मोजलेलं. अवशेष हलवायला वारसाची संमती हवी, आणि वारस तर कुणीच नव्हता. न्यूयॉर्कच्या कोर्टात खेटे झाले, दफनभूमीच्या चालकांची मनधरणी झाली, आणि एप्रिल 2023 मध्ये ह्वांग देजोनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत पोचले. त्याच वर्षी सरकारने कुटुंब-नोंदवहीत त्यांचं नाव घातलं. तोवर कोरियाच्या दफ्तरी त्यांची अशी नोंदच नव्हती.