क्रूझ कंट्रोलला ‘नाही’ कोण म्हणतंय?

कल्याण-डोंबिवलीतल्या गाडीत क्रूझ कंट्रोलचं बटण वर्षानुवर्षं नुसतं असतं. शिळफाट्याच्या नाहीतर घोडबंदरच्या रांगेत ते दाबायची वेळच येत नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता भिवंडीजवळ, आपल्या दाराशी येऊन टेकला. मग आठ-दहा वर्षं जुन्या गाडीतलं ते बटण पहिल्यांदा दाबलं जातं आणि लक्षात येतं, हे तर चालतच नाही!

‘न वापरून बिघडलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. दोष बऱ्याचदा रोजच्या ट्रॅफिकने झिजवलेल्या एखाद्या छोट्या स्विचमध्ये असतो.

लहानपणी दृष्टी गमावलेल्या राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याला क्रूझ कंट्रोलचं पेटंट १९५० साली मिळालं आणि १९५८ पासून ती क्रायस्लरच्या गाड्यांत आली. त्या काळी अॅक्सिलरेटर ओढायला वेगळी यांत्रिक जोडणी असे. आजच्या बहुतेक गाड्यांत हे काम इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम करतो. तो चाकांचा वेग वाचतो, तुम्ही ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहतो आणि चढ आला की थ्रॉटलची झडप थोडी जास्त उघडतो.

पण वेग हाती घेण्याआधी तो खात्री करून घेतो. ब्रेक दाबलेला आहे का? क्लच दाबलेला आहे का? वेगाचा सिग्नल नीट येतोय का? इंजिनात काही बिघाड नोंदलाय का? एका जरी उत्तरात शंका आली, तर तो सरळ नकार देतो. त्याची रचनाच तशी आहे. म्हणून बिघाड शोधताना ‘नाही’ कोण म्हणतंय, हे आधी पाहायचं.

सुरुवात मीटरपासून करा. मुख्य बटण दाबल्यावर क्रूझचा दिवा लागतो का? लागत असेल, तर बटणाचा सिग्नल आत पोचतोय. मग गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर नेऊन ‘सेट’ दाबा. त्याहून कमी वेगात अनेक गाड्यांत क्रूझ लागतच नाही. क्रूझचा दिवा लागतो पण वेग सेट होत नाही, असं असेल तर पुढे चला.

आता ब्रेक. कुणाला तरी गाडीमागे उभं करा आणि पेडल दाबून सोडा. पाय काढल्यावरही ब्रेक लाइट चालूच राहिले, तर पायाखालच्या मॅटवर बघा. तिथे प्लॅस्टिकचे बारीक, ठिसूळ तुकडे सापडू शकतात. पेडलच्या दांड्यावर, स्विचच्या टोकासमोर एक छोटा स्टॉपर असतो. तो वयाने कडक होऊन फुटला, की स्विचचं टोक भोकातून आरपार जातं आणि ब्रेक कायम दाबलेला आहे असं ईसीएमला वाटतं. वस्तू अगदी स्वस्त, पण ती फुटली की रात्रीत बॅटरी उतरते आणि मागच्या गाडीला तुमचा खरा ब्रेक कळत नाही.

दिवे व्यवस्थित लागतात, विझतात, म्हणून स्विच निर्दोष ठरत नाही. बऱ्याच गाड्यांत त्यात दोन सर्किट असतात. एक दिव्यांसाठी, दुसरं ईसीएमसाठी. दोघांचं म्हणणं जुळलं नाही, तरी क्रूझ बंद.

क्लचलाही असाच स्विच असतो. क्रूझ चालू असताना क्लच दाबला आणि ते सुटलं नाही, तर इंजिन एकदम रेस होईल. त्यासाठी ही सोय. कल्याणच्या पत्रीपुलावरच्या ट्रॅफिकमध्ये पाय क्लचवरून निघत नाही, तेव्हा झीज कुठे होते हे वेगळं सांगायला नको.

क्रूझचा दिवाच लागत नसेल, तर आधी फ्यूज बघा, मग हॉर्न वाजवा. हॉर्नही मुका आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला, म्हणजे संशय क्लॉक स्प्रिंगवर. स्टिअरिंगखाली गुंडाळलेली ही चपटी केबल प्रत्येक वळणाला उलगडते आणि पुन्हा गुंडाळते. हे काम घरी करू नका. बॅटरी काढून, थोडा वेळ थांबूनच एअरबॅगजवळ हात घालायचा असतो आणि ते जाणकारालाच करू द्यावं.

एबीएस किंवा इंजिनचा दिवा पेटलेला असेल, तर स्कॅनर लावून घ्या. पी ०५७१ हा कोड ब्रेक स्विचच्या सर्किटकडे बोट दाखवतो, पी ०५०० वेगाच्या सेन्सरकडे. कोड नसला, तरी स्कॅनरवर लाइव्ह डेटा पाहायला सांगा. पेडलला पाय न लावता ‘ब्रेक ऑन’ दिसलं, की चोर सापडला.

वायर जोडून एखादा स्विच ‘बायपास’ करून देतो असं कुणी म्हणालं, तर स्पष्ट नको म्हणा. तो स्विच तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे.

दुरुस्तीनंतर पहाटे, कोरड्या आणि मोकळ्या रस्त्यावर चाचणी घ्या. वेग सेट करा, ब्रेकला हलकासा पाय लावा; क्रूझ लगेच सुटलं पाहिजे. पुन्हा सेट करून क्लचने, मग ‘कॅन्सल’ने सोडवून बघा. या तिन्ही वेळा ते सुटलं, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असं समजा आणि आमण्याचा रस्ता धरा.