मासे, पालेभाजी आणि तिसरा भागीदार

कोकणात घरामागे मोरीचे पाणी जिथे जाते तिथे अळूचा वाफा आणि दोन-चार केळी हमखास दिसतात. सांडपाणी झाडांच्या मुळाशी सोडायचे आणि झाडांनी त्यातले हवे ते घ्यायचे, ही रीत इथे जुनीच आहे. ‘अ‍ॅक्वापोनिक्स’ म्हणजे याच रीतीचे पुढचे पाऊल. यात सांडपाणी माशांचे असते आणि भाजीच्या मुळांतून गाळून निघालेले पाणी पुन्हा माशांकडे जाते. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी १९८० च्या दशकापासून या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास केला. त्या बेटांवर गोड्या पाण्याची टंचाई होती, हे त्यामागचे मोठे कारण.

रत्नागिरीकरांना ती अडचण वेगळी समजावून सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात आणि परसातली पालेभाजी सगळ्यात आधी बंद होते. नीट बसलेल्या अ‍ॅक्वापोनिक्सच्या छोट्या मांडणीला रोज एकूण पाण्याच्या १ ते ३ टक्के भर घालावी लागते. म्हणजे दीड हजार लिटरच्या तळ्याला उन्हाळ्यात रोज दोन-तीन बादल्या. ऐन मेमध्ये एवढ्या पाण्यावर ताजी पालेभाजी मिळत असेल, तर प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

मात्र अनेकांचे तळे पहिल्याच महिन्यात फसते. खड्डा खणला, पाणी भरले, दुसऱ्या दिवशी मासे सोडले आणि आठवड्याभरात ते पोट वर करून तरंगू लागले. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. या धंद्यात मासे आणि भाजी असे दोन नव्हे, तर तीन भागीदार आहेत, आणि तिसरा अजून आलेलाच नसतो.

न दिसणारे कामगार

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. माशांना तो विषारी असतो आणि भाजीलाही त्या रूपात फारसा मानवत नाही. पाण्यातले काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही माशांना घातकच, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सहन करतात आणि भाजीला तर तेच खत. हे काम जिवाणू करतात हे सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले.

हे जिवाणू विकत आणावे लागत नाहीत. ते हवेत, मातीत, पाण्यात असतातच. पण त्यांची वाढ संथ असते. खडीच्या प्रत्येक दाण्यावर त्यांचा पातळ थर बसायला ३ ते ६ आठवडे लागतात. तोवर तळ्यात मासे सोडू नयेत. रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकून कुजू द्यावे आणि पंप चालू ठेवावा. मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजण्याचा संच मिळतो, तो घ्यावाच. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्याच्या जवळ आले आणि नायट्रेट दिसू लागले, की तिसरा भागीदार कामाला लागला असे समजावे.

नळाचे पाणी भरले असेल तर त्यातले क्लोरीन आधी जायला हवे. ते माशांना आणि या जिवाणूंनाही मारते. पाणी दोन दिवस उघडे ठेवून पंपाने खेळवले की क्लोरीन उडून जाते.

मांडणी आणि हिशेब

सुरुवातीला ७ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट खोल पाण्याचे तळे पुरे. त्यात सुमारे १,५०० लिटर पाणी मावते. जांभ्यात खणलेला खड्डा गळणारच, म्हणून शेततळ्याला घालतात तसा जाड प्लॅस्टिकचा कागद आत अंथरावा. सिमेंटचा गिलावा केला तर त्यातला चुना पाण्यात उतरतो. काही वेळा पाणी भरून, आठवडाभर ठेवून, ओतून टाकावे लागते. तळ्याच्या कडेला चिऱ्यांचा एक थर उंच घ्यावा, म्हणजे अंगणातले वाहते पाणी आत शिरणार नाही.

शेजारी चिऱ्यांच्या ओट्यावर प्रत्येकी ४ फूट बाय ३ फुटांचे आणि एक फूट खोलीचे दोन वाफे ठेवावेत. त्यांत काळ्या दगडाची धुतलेली खडी भरावी. अशा एका वाफ्याचे वजन अर्ध्या टनाहून अधिक होते, त्यामुळे लाकडी मेजावर ते ठेवू नयेत. तासाला १,५०० लिटर पाणी उचलणारा छोटा पंप तळ्यातून वाफ्यांत पाणी सोडतो आणि ते खडीतून गाळून उताराने परत तळ्यात येते. पंप ३० वॉटचा धरला तर अखंड चालवूनही महिन्याला सुमारे २२ युनिट वीज लागते.

किती मासे सोडायचे, याचे उत्तर वाफ्याच्या आकारावरून मिळते. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाकाठी ४० ते ५० ग्रॅम माशांचे खाद्य पुरते. मासे रोज आपल्या वजनाच्या साधारण २ टक्के खातात. वरचे दोन वाफे मिळून सुमारे सव्वादोन चौरस मीटर होतात. म्हणजे जास्तीत जास्त पाच किलो मासे. एकेक मासा पाव किलोचा होईल असे धरले, तर वीस मासे पुरेत. खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढेच टाकावे.

भाजीत पालक, माठ, पुदिना, कोथिंबीर लवकर जमतात. मिरची, टोमॅटोला पोटॅश जास्त लागते, म्हणून ती दुसऱ्या वर्षी घ्यावीत. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडते आहे. लोहाने लालभडक झालेल्या मातीच्या प्रदेशात ही तक्रार विचित्र वाटते, पण गंजलेल्या रूपातले लोह पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. त्यासाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह अगदी थोडे वापरतात.

शिंपल्यांचा उपयोग

नायट्रेट बनताना पाणी हळूहळू आम्लधर्मी होते. जांभ्याच्या प्रदेशातले पाणी मुळातच मृदू असते, आम्ल पचवण्याची ताकद त्यात कमी. सामू ६ च्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठू लागतो. उलट सामू फार वाढला तर तोच अमोनिया अधिक विषारी होतो. पाण्याचे तापमान २८ अंश असताना सामू ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियाचा घातक भाग जवळपास नऊ पटींनी वाढतो. म्हणून सामू साडेसहा ते सातच्या दरम्यान असावा.

यावर कोकणातला उपाय ताटातूनच मिळतो. तिसऱ्यांचे किंवा कालवांचे शिंपले धुऊन, उन्हात वाळवून, फोडून जाळीच्या पिशवीत भरावेत आणि पाणी पडते तिथे लटकवावेत. पाणी आम्लधर्मी झाले की ते विरघळतात, सामू वर आला की विरघळणे मंदावते.

इथले तीन धोके

पहिला धोका पावसाचा. वर सांगितलेल्या तळ्यावर आणि वाफ्यांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर चारशे लिटरहून अधिक पाणी आत येते. जुलैत असे दिवस सलग येतात. पाणी पातळ होते, सामू घसरतो आणि तळे भरून मासे बाहेर जातात. म्हणून पावसाळ्यात मांडव घालून वर प्लॅस्टिक हवेच. जादा पाण्याच्या नळीला बारीक जाळी बसवावी आणि ते पाणी वहाळात न सोडता केळीच्या आळ्यात मुरवावे. पाळलेले परदेशी मासे ओढ्या-नद्यांत गेले, तर सह्याद्रीतल्या स्थानिक माशांवर संकट येते. याच कारणाने आफ्रिकन मांगूर, म्हणजे बाजारातला ‘थाई मांगूर’, पाळायला बंदी आहे आणि तिलापियासाठी परवानगी लागते. पहिले वर्ष कोई किंवा गोल्डफिशवर हात बसवावा. खाण्याचे मासे घेण्याआधी रत्नागिरीजवळ शिरगावला असलेल्या, कोकण कृषी विद्यापीठाच्या मत्स्य महाविद्यालयात चौकशी करावी. १९८१ पासून ते इथे आहे.

दुसरा धोका फवारणीचा. हापूसच्या मोहोरावर मारली जाणारी डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन यांसारखी औषधे माशांना अत्यंत विषारी असतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही पुरतात. सुपारीवरच्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचेही तसेच. तळे कलमांच्या आणि सुपारीच्या छायेपासून दूर घ्यावे, शेजाऱ्यांना कल्पना द्यावी आणि फवारणीच्या दिवशी तळे-वाफे झाकावेत. या वाफ्यांतल्या भाजीवर कोणतेही औषध मारायचे नाही. अळ्या हाताने वेचायच्या.

तिसरा धोका वीज जाण्याचा. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि त्यात मासे, मुळे आणि जिवाणू असे तिघे वाटेकरी. पंप बंद पडला तर दाटीच्या तळ्यात काही तासांत मासे गुदमरतात, विशेषतः रात्री. ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर २०२० च्या जूनमध्ये दापोली-मंडणगड भागात अनेक दिवस वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. तो नसेल तर बादलीने पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतत राहावे आणि वीज येईपर्यंत खाद्य बंद ठेवावे.

घरच्यांचे आरोग्य

तळे म्हणजे डास, ही भीती साचलेल्या पाण्याबाबत खरी आहे. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो. हलत्या पाण्यात, मासे असलेल्या तळ्यात अळ्या टिकत नाहीत; पण बाजूला पडलेल्या डब्यात, कुंडीखालच्या थाळीत टिकतात. मासे नसलेल्या पहिल्या महिन्यात तळ्यावर बारीक जाळी घालावी. पुढेही मजबूत जाळी राहू द्यावी, ती लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी. दोन फूट पाणीही रांगत्या मुलाला धोक्याचे असते.

उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येऊ शकतात. खाद्याचा डबा घट्ट बंद ठेवावा, हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. शेणखत किंवा कोंबडीखत या पाण्यात कधीच टाकू नये. पाणी खडीच्या आत खेळावे, पानांवर उडू नये. कच्ची खायची भाजी स्वच्छ पाण्याने धुऊनच घ्यावी.

काम सुरू करायला ऑक्टोबर चांगला. पाऊस ओसरलेला असतो, विहिरीला पाणी असते आणि हवा उबदार असल्याने जिवाणू जोमाने वाढतात. दिवाळीच्या आसपास मासे सोडता येतात आणि उन्हाळ्याच्या झळा लागेपर्यंत तिन्ही भागीदार एकमेकांना सरावलेले असतात. यातून बाजारात विकण्याइतके उत्पन्न येणार नाही. पण घरच्या चार माणसांना आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी पुरेल आणि तीही विहीर खोल गेलेल्या दिवसांत.