औषध पिकाला, उपास माशाला

शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. पिकापुरते ते खरेही आहे. परंतु पावसाच्या पाण्याबरोबर तेच औषध ओढ्याला आणि ओढ्यातून तलावाला मिळते, तेव्हा त्याची गाठ पडते ती नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्राणिप्लवकांशी. त्यांतील पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया, ही खेकडा-कोळंबीची आप्त आणि कीटकांचीही दूरची नातलग. किड्याच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारे द्रव्य तिला वगळील, ही अपेक्षाच भाबडी होय. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माणसाला तुलनेने सौम्य मानली जातात. पाणपिसवांना मात्र त्यांचा अत्यल्प अंशही मारक ठरतो.

हे प्लवक शैवाल खातात आणि माशांची पिले प्लवकांना खातात. मधला दुवा गळाला की तलाव हिरवागार दिसू लागतो आणि जाळे मात्र हलके येते.

जपानच्या शिमाने प्रांतातील शिंजी या मचूळ पाण्याच्या सरोवराची हकीगत या संदर्भात मुळातून समजून घेण्याजोगी आहे. सभोवतालच्या भातखाचरांत १९९३ पासून इमिडाक्लोप्रिड वर्गातील कीटकनाशके वापरात आली. त्यानंतर वसंत ऋतूतील प्राणिप्लवकांचे सरासरी वजन ८३ टक्क्यांनी घटले, आणि वाकासागी या लहान माशाची वार्षिक पकड सुमारे २४० टनांवरून २२ टनांवर आली. मासे घटले ते अन्न नाहीसे झाल्यामुळे, असा निष्कर्ष यामामुरो आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. एका सरोवराच्या जुन्या नोंदींवरून काढलेला हा निष्कर्ष प्रयोगशाळेतील पुराव्याइतका निर्णायक नव्हे, हे मान्य. तरीही तो बाजूस सारता येण्याजोगा खासच नाही.

विशेष असे की, जलचरांवरील विषपरीक्षेत जगभर प्रमाण मानली जाते ती पाणपिसूच. अठ्ठेचाळीस तासांत किती पिसवा निश्चल झाल्या, हे त्यात मोजतात. पण इमिडाक्लोप्रिड ती बऱ्याच अंशी सोसते. पाण्यातील चिलटांच्या अळ्या आणि इतर काही कवचधारी जीव त्याहून कितीतरी कमी मात्रेत दगावतात. एकाच विद्यार्थ्याची परीक्षा घेऊन साऱ्या वर्गाला उत्तीर्ण करण्याचाच हा प्रकार! शिवाय अठ्ठेचाळीस तास जगलेला जीव पुढे अंडी घालतो की नाही, याचे उत्तर या परीक्षेत मिळत नाही. त्यासाठी एकवीस दिवसांची निराळी चाचणी आहे.

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांभोवतीही धानच पिकते, आणि इमिडाक्लोप्रिड आपल्याकडेही विकले जाते. ढिवर कुटुंबे ज्या कटल्यावर भिस्त ठेवतात, त्याचे मुख्य खाद्य प्राणिप्लवकच. खरिपाच्या धानावर फवारणी होते ती पावसाळ्यात. तलावांत मत्स्यबीज सोडले जाते तेही पावसाळ्यातच.