चक्का, फळं आणि उणे अठरा अंश

दही, पिकलेला आंबा आणि साखर मिक्सरमधून काढायची, डबा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, सकाळी फ्रोझन योगर्ट तयार, अशी सोपी कृती सगळीकडे सांगितली जाते. सकाळी डब्यातून निघते ती वीट. चमचा घालावा तर चमचा वाकतो. थोडा वेळ बाहेर ठेवून खाल्लं, तर दाताखाली कचकच बर्फ लागतो आणि आंबा कुठेतरी मागे राहतो. अशा वेळी दोष बहुधा फ्रीजला दिला जातो, नाहीतर आंब्याला. खरं कारण वेगळं आहे. दह्यात शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त भाग पाणी असतं, आंब्यातही ऐंशीच्या आसपास, आणि त्या पाण्याचं काय करायचं, हे कृतीत आलेलंच नसतं. दुकानातलं यंत्र हे पाणी सांभाळतं. घरी ते काम आपल्याला करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी सगळ्यात मोलाची वस्तू मराठी घरात आधीपासूनच आहे: श्रीखंडासाठी दही बांधायचं पातळ सुती कापड.

या कापडाचं महत्त्व कळायला आधी दह्याकडे नीट पाहायला हवं. दुधात साडेचार-पाच टक्के लॅक्टोज नावाची साखर असते. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे जिवाणू ती खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. यातला पहिला जिवाणू बल्गेरियाच्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण संशोधकाने १९०५ मध्ये जिनिव्हात, आपल्या देशातल्या दह्यात शोधला. बाजारातल्या योगर्टमध्ये ही जोडी ठरवून घालतात. आपल्या विरजणात तिच्यासोबत आणखी भाईबंदही नांदत असतात. दुधाचा पीएच ६.७च्या आसपास असतो. आम्ल वाढत जाऊन तो ४.६ कडे उतरू लागला, की केसिन या प्रथिनाच्या कणांमधलं एकमेकांना दूर ठेवणारं बळ संपतं. ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. दही लागलं असं आपण म्हणतो ते तेव्हा. पाणी कुठेच गेलेलं नसतं, ते त्या जाळ्यात अडकलेलं असतं.

जाळं किती घट्ट होणार, हे विरजणाच्याही आधी ठरतं. दूध ८५-९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्यातली निवळीतली प्रथिनं उलगडतात आणि केसिनच्या कणांना जाऊन चिकटतात. अशा दुधाचं दही घट्ट लागतं आणि पाणी सहजासहजी सोडत नाही. आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय विरजण लावण्याची पद्धतच नाही, त्यामुळे ही पायरी आपोआप पार पडते. पाश्चराइज्ड पिशवीचं दूध नुसतं कोमट करून विरजलं, तर फरक चमच्याला कळतो. फ्रोझन योगर्टसाठी म्हशीचं दूध घ्यावं. त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधाच्या जवळपास दीडपट ते दुप्पट, प्रथिनंही जास्त. फॅट काढलेल्या दुधाच्या दह्याचंही फ्रोझन योगर्ट होतं, पण ते जिभेवर कोरडं लागतं.

मग दही कापडात बांधायचं. पूर्वी पुरचुंडी खुंटीला किंवा नळाला टांगत. आता चाळणीवर ठेवून खाली पातेलं, आणि सगळं फ्रीजमध्ये, हे जास्त चांगलं. उन्हाळ्यात बाहेर टांगलेलं दही रात्रीत आंबट होतं. पातेल्यात जमणाऱ्या निवळीकडे उजेडात पाहिलं, तर तिच्यात पिवळसर हिरवी झाक दिसते. ती रायबोफ्लेव्हिनची, म्हणजे ब२ जीवनसत्त्वाची. दुधातही ते असतंच, पण केसिन आणि स्निग्धांशाच्या पांढऱ्या रंगाखाली झाकलेलं. निवळीबरोबर थोडी प्रथिनं, लॅक्टोज आणि क्षारही जातात, म्हणून ती टाकू नये. कढीत किंवा कणकेत वापरावी. एक लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्यातून साडेतीनशे-चारशे ग्रॅम चक्का मिळतो. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन खालच्या पातेल्यात गेलं, आणि ते जवळजवळ सगळं पाणी. फ्रीजरमध्ये ज्याचा बर्फ झाला असता, ते एवढं पाणी आधीच वेगळं झालं. इतकं मोठं काम दुसरी कुठलीच पायरी करत नाही.

उरलेल्या पाण्याचं काय? तिथे साखर कामाला येते, आणि ती केवळ गोडीसाठी नसते.

साखरेचं पाणी गोठायला लागतं तेव्हा त्यातलं शुद्ध पाणी तेवढं बर्फ होतं. साखर मागे राहिलेल्या द्रवात साठत जाते. तो द्रव दाट होत गेला की त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. म्हणूनच उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्येसुद्धा आइस्क्रीममधलं सगळं पाणी गोठलेलं नसतं. बर्फाच्या बारीक कणांमधून हा दाट पाक पसरलेला असतो, आणि चमचा आत शिरतो तो त्याच्यामुळे. हा गोठणबिंदू किती उतरेल, ते विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर अवलंबून असतं: एक किलो पाण्यात कुठल्याही पदार्थाचा एक मोल, म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या, विरघळला की साधारण १.८६ अंश. जरा बेतानेच साखर घातलेलं साधं दही उणे एक-सव्वा अंशाला गोठायला लागतं आणि फ्रीजरच्या तापमानाला त्यातलं फार थोडं पाणी द्रवरूपात उरतं. उलट चक्क्याच्या वजनाइतकी साखर घातलेलं श्रीखंड घ्या. त्याचा हिशोब केला तर गोठायला सुरुवातच उणे आठ अंशांच्या आसपास होते. श्रीखंडाचा डबा फ्रीजरमध्ये राहिला तरी त्याची वीट होत नाही, याचं कारण हे आहे.

पण फ्रोझन योगर्टमध्ये श्रीखंडाइतकी साखर घालायची नसते. फळाचा आणि दह्याचा आंबटपणा तिच्याखाली बुडून जातो. इथे रेणूंची संख्या मोजायचा नियम कामी येतो. साखरेच्या (सुक्रोजच्या) एका मोलचं वजन ३४२ ग्रॅम, ग्लुकोजचं आणि फ्रुक्टोजचं १८० ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच वजनात ग्लुकोजचे रेणू जवळजवळ दुप्पट, आणि गोठणबिंदू उतरवण्याची ताकदही जवळजवळ दुप्पट. मधात मुख्यतः हेच दोन आहेत. साखरेचा थोडा भाग काढून तिथे मध घातला की तेवढ्याच गोडीत पदार्थ मऊ राहतो. औषधाच्या दुकानातली साधी ग्लुकोज पावडर त्याहून सोयीची: ती साखरेपेक्षा कमी गोड असते आणि मधासारखा स्वतःचा वास तिला नाही. स्टीव्हियासारख्या गोडवा देणाऱ्या पदार्थांचं मात्र इथे काही चालत नाही. ते इतके गोड असतात की चिमूटभर पुरतात, आणि चिमटीत रेणू ते किती असणार? ‘शुगर फ्री’ करायला गेलं की वीट परत येते. ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांनी गोठवण्याच्या भानगडीत न पडता गार चक्का फळाबरोबर तसाच खावा, तो उत्तम लागतो.

चव घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जिभेवर गोडाची जाणीव पुढे पोचवणारी टीआरपीएम-५ नावाची एक प्रथिनवाहिनी थंडीत मंदावते, हे बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. म्हणून गोठवण्याआधी मिश्रण जरा जास्तच गोड लागायला हवं. आधी बरोबर वाटलेलं मिश्रण गोठल्यावर फिकं लागतं.

आता बर्फाचे कण. जो बर्फ व्हायचा तो होणारच, पण त्याचा एकेक कण किती मोठा, यावर सगळं अवलंबून आहे. कण ०.०५ मिलिमीटरच्या आत असले तर जीभ त्यांना वेगळं ओळखत नाही, तिला नुसता मऊपणा कळतो. त्याहून मोठे झाले की कचकच सुरू. मिश्रण झपाट्याने गार झालं तर एकाच वेळी असंख्य ठिकाणी बर्फ धरतो आणि प्रत्येक कण लहान राहतो. हळूहळू गार झालं तर मोजक्या ठिकाणी धरतो आणि तेच कण वाढत जातात. फ्रीजरमध्ये नुसता ठेवलेला डबा या दुसऱ्या वाटेने जातो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात फिरणारं पॉट आइस्क्रीमचं लाकडी पिंप हेच गणित सोडवत होतं. बर्फात जाडं मीठ मिसळलं की ते मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. आतलं दूध डब्याच्या गार भिंतीला लागून गोठतं, आणि आतली पाती तो थर सतत खरवडून काढते. हाताने फिरवायच्या अशा यंत्राचं पेटंट अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतलं. आजची यंत्रं विजेवर चालतात, तत्त्व तेच आहे. खरवडता खरवडता त्यात हवाही मिसळते. एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं, असं आपल्याकडचा नियम सांगतो. यावरून त्यात हवा किती असते, ते कळेल. अमेरिकेत १९७०च्या दशकात न्यू इंग्लंडमधल्या एच. पी. हूड या डेअरीने ‘फ्रोगर्ट’ आणलं, तेही दही अशाच यंत्रातून काढून.

घरी यंत्र नको. त्याची जागा आणि पैसा दोन्ही वाचवणारी एक वाट आहे, आणि माझ्या मते फळांच्या फ्रोझन योगर्टसाठी तीच सर्वोत्तम आहे: मिश्रण गोठवण्याऐवजी फळ गोठवायचं. हापूसच्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या फोडी ताटात एकमेकींना न चिकटतील अशा मांडून फ्रीजरमध्ये ठेवायच्या, दगडासारख्या होऊ द्यायच्या. चक्का पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढून, त्यात साखर, मध आणि चिमूटभर मीठ विरघळवून फ्रीजमध्ये चांगला गार करायचा. ४०० ग्रॅम चक्का, ४०० ग्रॅम फोडी, १०० ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे मध, हे प्रमाण धरलं तर मिश्रण उणे अडीच अंशांच्या आसपास गोठायला लागतं, आइस्क्रीमच्या मिश्रणाइतकंच. मग मिक्सरच्या भांड्यात आधी चक्का, वर गोठलेल्या फोडी, आणि थांबत थांबत बटण फिरवायचं. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल उष्णता लागते. चूर होणाऱ्या फोडी ती आजूबाजूच्या चक्क्यातून ओढतात आणि चक्का मिनिटभरात शून्याच्या खाली जातो. पातं बर्फाचे कण फोडत राहतं. थोड्याच वेळात भांड्यात घट्ट, चमकदार, शिरा पडणारा गोळा फिरू लागतो. तेव्हाच थांबायचं. पुढे फिरवलं की मिक्सरच्या उष्णतेने तो सैल पडतो. लगेच खायचं असेल तर ते तयारच आहे. जरा घट्ट हवं असेल तर तास-दोन तास पसरट डब्यात फ्रीजरमध्ये.

आंबा या कामाला सगळ्यात सोयीचा, कारण त्याच्या गरातलं पेक्टिन आणि तंतू पाणी धरून ठेवतात. हंगाम संपल्यावर कोकणातला आटवलेला आंब्याचा मावा वापरता येतो. त्यातलं पाणी आधीच उडालेलं असतं, फक्त साखर त्या मानाने कमी करायची. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी याच्या अगदी उलट आहे. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. कच्ची गोठवून घातली तर चव पातळ होते. तिचे तुकडे साखरेत घोळवून अर्धा तास ठेवले की रस सुटतो. मग ते मंद आचेवर निम्मे होईपर्यंत आटवायचे, गार करायचे आणि चक्क्यात मिसळायचे. दह्याच्या आंबटपणात तिचा लाल रंग जास्तच खुलतो, कारण अँथोसायनिन ही रंगद्रव्यं आम्लात लाल होतात. पण इथे गोठलेल्या फोडी नसल्यामुळे थंडावा बाहेरून आणावा लागतो: मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, वड्या मिक्सरमध्ये घालून फिरवायच्या.

सीताफळाला आच दाखवू नये. त्याचा गर तापला की कडवट होतो. हवेत राहिला तर विकराच्या क्रियेने काळवंडतो, म्हणून बिया काढल्या काढल्या तो थेट गार चक्क्यात जायला हवा. दह्यातलं आम्ल त्या विकराचा जोर कमी करतं. सीताफळात साखर वीस टक्क्यांच्या घरात असते आणि ती बरीचशी ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या रूपात, त्यामुळे हे फ्रोझन योगर्ट वरून फारशी साखर न घालताही मऊ राहतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा जरूर करून पाहावं.

अननसाचा नियम नेमका उलटा: तो शिजवल्याशिवाय घालायचाच नाही. ताज्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं विकर असतं. दह्यातल्या केसिनचे ते तुकडे करतं, त्यातले काही तुकडे कडू असतात, आणि जे जाळं पाणी धरून होतं तेच सैल पडतं. ताजा अननस घातलेलं दही थोड्या वेळाने कडवट आणि पातळ होतं ते यामुळे. पाच-दहा मिनिटं साखरेत उकळलं की विकर निकामी होतं. पपई आणि किवी यांतही अशीच विकरं आहेत.

केलेलं फ्रोझन योगर्ट फार दिवस ठेवू नये. फ्रीजरचं दार उघडताना आणि बर्फ साचू न देणाऱ्या फ्रीजमधला हीटर अधूनमधून चालू होताना आतलं तापमान जरा चढतं, पुन्हा उतरतं. चढताना सगळ्यात लहान कण आधी वितळतात आणि उतरताना ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन बसतं. लहानांच्या जिवावर मोठ्यांनी वाढण्याच्या या प्रक्रियेला जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांचं नाव आहे. आठवड्याभरात ती जिभेला जाणवू लागते. डबा दारापासून लांब, तळाशी ठेवावा आणि वरून कागद पृष्ठभागाला चिकटवून लावावा. दह्यातले जिवाणू गोठल्यावर बरेचसे तग धरून राहतात, फक्त काम थांबवतात. पण हेच फळांवरून आलेल्या घातक जंतूंनाही लागू आहे. फ्रीजर त्यांना मारत नाही. म्हणून फळं गोठवण्याआधी नीट धुवावीत. स्ट्रॉबेरी तर देठ न काढता धुवावी, म्हणजे ती पाणी शोषत नाही. आणि डबा बाहेर राहून मिश्रण पूर्ण वितळलं, तर ते पुन्हा गोठवण्याच्या फंदात पडू नये. त्यातली हवा गेलेली असते, कण मोठेच धरणार. गार असेपर्यंत थोडं दूध घालून घुसळावं आणि पिऊन टाकावं.