मियाँ-बीबी राजी, तरी काझी हवाच!

सॅन होजेला लॉ-फर्ममध्ये असलेल्या मैत्रिणीला मी विचारलं, 'पेशंट राजी, डॉक्टर राजी, मग तडजोडीत कोर्ट कशाला?' ती म्हणाली, 'अगं, तिसरा असतो ना!'

समजा, ऑपरेशन बिघडलं आणि पेशंटने सर्जन, हॉस्पिटल दोघांवर केस ठोकली. सर्जन थोडक्यात सुटला, तर उपचारखर्च आणि बुडालेल्या पगाराचा उरलेला बोजा हॉस्पिटलच्या माथी! म्हणून कॅलिफोर्नियात कलम ८७७.६ आहे. तडजोड 'गुड फेथ'मध्ये, म्हणजे प्रामाणिकपणे झाली असं कोर्टाने ठरवलं, की हॉस्पिटलला सर्जनकडे वाटा मागता येत नाही.

मग स्वस्तात सुटायला सगळेच धावतील की! तेच रोखायला तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८५ साली टेक-बिल्ट खटल्यात कसोटी घालून दिली. सर्जनचा अंदाजे दोष किती, विमा किती, पेशंटशी आतून संगनमत तर नाही ना? तडजोड म्हटल्यावर रक्कम थोडी कमी चालते, पण अगदीच किरकोळ नको. खोट दाखवायची जबाबदारी मात्र आक्षेप घेणाऱ्या हॉस्पिटलची.

'आणि कोर्ट नाही म्हणालं तर?'

'मंजुरीच्या अटीवर तडजोड असेल, तर डीलच मोडतं. पेशंट पुन्हा तारखांच्या रांगेत.'