टीबीची गोळी आणि घरातलं ताट

आमच्या ओपीडीच्या दाराशी बरीच वर्षं एक जुना वजनकाटा होता. तो शून्यावर आणायला बाजूचा स्क्रू फिरवावा लागायचा आणि गर्दीच्या दिवशी तो कुणी फिरवायचं नाही. खरं सांगायचं तर मीही त्या काट्याकडे फारसं लक्ष देत नव्हतो. टीबीचा रुग्ण आला की एक्स-रे पाहायचा, बेडक्याचा रिपोर्ट पाहायचा, गोळ्या सुरू करायच्या आणि केसपेपरच्या शेवटी सवयीने लिहायचं : सकस आहार घ्यावा. हे तीन शब्द मी किती हजार वेळा लिहिले असतील, त्याचा हिशेब नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी वीटभट्टीवर काम करणारा चौतिशीचा एक माणूस माझ्याकडे आला. उंची पाच फूट चार इंच, वजन ३९ किलो. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले. गोळ्या सुरू केल्या, ताप उतरला, खोकला कमी झाला आणि दुसऱ्या महिन्यात तो यायचाच बंद झाला. आशाताई घरी जाऊन त्याला घेऊन आल्या. औषध अर्धवट सोडलं तर काय होतं, यावरचं माझं नेहमीचं भाषण त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाला, "गोळ्या घेतल्या की भूक लागते, सायेब. रात्री तिसरी भाकरी मागावी लागते. पोरांच्या वाटचं खाल्ल्यासारखं वाटतं. म्हणून बंद केल्या."

टीबीच्या औषधांचे दुष्परिणाम मला तोंडपाठ होते. मळमळ, कावीळ, हातापायांना मुंग्या, सांधेदुखी. त्या यादीत भूक नव्हती. आणि असणार तरी कशी? भूक परत येणं हे तर आजार हटत चालल्याचं लक्षण. आम्ही डॉक्टर ज्याला सुधारणा म्हणतो, ती त्या घरात अडचण झाली होती.

आपल्या भाषेने या रोगाला नाव दिलंय तेच मुळी क्षय. झिजणं. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जगासमोर मांडला. त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांना या रोगात माणूस झिजतो हे दिसत होतं. पण झीज रोगामुळे होते, की आधीच झिजलेल्या माणसाला रोग गाठतो? उत्तर आहे : दोन्ही. आणि यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वैद्यकशास्त्राने बरीच वर्षं काणाडोळा केला.

टीबीचा जंतू हवेतून फुफ्फुसात शिरतो, पण शिरला म्हणजे रोग झालाच असं नाही. ज्यांच्या शरीरात तो जातो, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांच्या शरीरात पांढऱ्या पेशी जंतूभोवती वेढा घालून त्याला जागच्या जागी कोंडून ठेवतात. हा वेढा वर्षानुवर्षं टिकवायचा तर शरीराला प्रथिनं लागतात, उष्मांक लागतात. उपाशी शरीरात पहारेकरी पेशींची संख्याही घटते आणि ताकदही. मग कोंडलेला जंतू बाहेर पडतो. वजनाचं उंचीशी असलेलं प्रमाण आपण बीएमआयने मोजतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की तो मिळतो, आणि १८.५ च्या खाली गेला की माणूस कुपोषित समजला जातो. हा आकडा एकाने घसरला की टीबीचा धोका साधारण १४ टक्क्यांनी वाढतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांवरून दिसून आलं आहे. माझ्या वीटभट्टीवाल्या रुग्णाचा बीएमआय पंधराच्याही खाली होता. एचआयव्ही, मधुमेह, तंबाखू, दारू ही टीबीची इतर निमंत्रणं आहेतच, पण आपल्या देशात सर्वांत मोठं निमंत्रण कुपोषणाचं.

मग हे इतकी वर्षं मागे का पडलं? याची एक मुळं आपल्याच देशात, मद्रासमध्ये आहेत. १९५० च्या दशकापर्यंत टीबीचा इलाज म्हणजे सॅनेटोरियम : मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी. परवडणाऱ्याने जावं, बाकीच्यांनी नशिबाला दोष द्यावा. १९५६ मध्ये मद्रासच्या केंद्रात एक धाडसी प्रयोग सुरू झाला. गरीब वस्त्यांमधल्या सुमारे दोनशे रुग्णांपैकी निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना घरीच ठेवलं आणि दोघांनाही वर्षभर तीच औषधं दिली. घरच्यांना अन्न कमी, आराम कमी, जागाही दाटीची. तरीही जंतू नाहीसे होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं आलं. १९५९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभर सॅनेटोरियमची गरज संपत गेली. कोट्यवधी गरिबांना घरी राहून, मजुरी सांभाळून बरं होता आलं ते या प्रयोगामुळे. त्याचं ऋण मोठं आहे.

पण त्यातून एक अर्थ काढला गेला, तो मात्र जरा सैल होता : औषध असलं की आहाराचं एवढं काही नाही. प्रयोगाने सांगितलं होतं एवढंच, की औषधं नीट घेतली तर बेडक्यातले जंतू जातात. सॅनेटोरियममधल्यांचं वजन घरच्यांपेक्षा जास्त वाढलं होतं, हेही त्यात नोंदलेलं होतं. ती नोंद मागे पडली. आम्ही विद्यार्थी असताना टीबीच्या धड्यात औषधांची पानंच्या पानं होती आणि आहाराला एक ओळ. तीच ओळ मी पुढे केसपेपरवर उतरवत राहिलो.

हा विषय पुन्हा टेबलावर आणणाऱ्यांत डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांचं नाव आघाडीवर घ्यावं लागेल. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी इथे 'जन स्वास्थ्य सहयोग'चं रुग्णालय आहे. तिथल्या फुफ्फुसाच्या टीबीच्या रुग्णांची वजनं त्यांनी तपासली. पुरुषांचं वजन ४२ किलोच्या आसपास, स्त्रियांचं ३४. चौतीस किलो म्हणजे आपल्याकडच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीचं वजन!

पुढे त्यांनी झारखंडमध्ये 'रेशन्स' नावाचा मोठा अभ्यास केला. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद त्यात सोबत होते. ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२१ या काळात चार जिल्ह्यांतले फुफ्फुसाच्या टीबीचे २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात घेतली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष 'लॅन्सेट' आणि 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकांत आले. अभ्यासाची मांडणी साधी होती. औषधं सगळ्या रुग्णांना, आणि दरमहा १० किलो शिधाही सगळ्या रुग्णांना : तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. फरक केला तो कुटुंबीयांच्या बाबतीत. निम्म्या भागांत घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसालाही महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, मुलांना त्या मानाने. उरलेल्या भागांत शिधा फक्त रुग्णाला.

तांदूळ आणि तूरडाळ. आपल्या वरणभाताच्या ताटापलीकडचं त्यात काही नव्हतं.

निकाल असा आला : शिधा न मिळालेल्या कुटुंबांतल्या ४७१२ जणांपैकी १२२ जणांना पुढे टीबी झाला, शिधा मिळालेल्या ५६०२ जणांपैकी ९६ जणांना. इतर घटकांचा हिशेब करून पाहिलं तर शिध्यामुळे टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. बेडक्यात जंतू सापडणारा, म्हणजे दुसऱ्यांना लागण करणारा फुफ्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी, जवळपास निम्म्याने कमी झाला. मला तर वाटतं, प्रत्यक्ष परिणाम याहूनही मोठा असावा. कारण 'फक्त रुग्णाला' दिलेला शिधा आपल्याकडे फक्त रुग्णाच्या पोटात जातो, यावर कोण विश्वास ठेवील? ताट एकाचं असलं तरी घास वाटला जातोच. म्हणजे ज्या घरांशी तुलना झाली, त्यांनाही थोडं अन्न पोचलेलं असणार.

इतक्या परिणामाची एखादी लस निघाली असती तर तिची बातमी पहिल्या पानावर आली असती. इथे खर्च होता कुटुंबातल्या माणसामागे महिन्याला सुमारे ४ डॉलर.

रुग्णांबद्दलची माहिती मला जास्त अस्वस्थ करून गेली. दर पाचांत चार रुग्ण कुपोषित, आणि जवळपास निम्म्यांचा बीएमआय १६ च्याही खाली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. इथे एक सावधगिरी हवी. सगळ्याच रुग्णांना शिधा मिळाला होता, तेव्हा ही तुलना शिधा असलेले आणि नसलेले अशी नाही. ज्यांचा आजार मुळात सौम्य त्यांचं वजन लवकर वाढलं, असंही काही अंशी असू शकतं. पण ओपीडीत बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातून एक उपयोगी खूण मिळाली. ३९ किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो. दोन महिन्यांत दोन किलो वाढले नाहीत तर काहीतरी बिनसलंय आणि ते एक्स-रे पुन्हा काढण्याआधी कळतं.

तमिळनाडूने २०२२ मध्ये हीच गोष्ट वेगळ्या बाजूने धरली. टीबीचं निदान होताच प्रत्येक रुग्णाचं वजन-उंची घ्यायची, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन मोजायचा, पायांवर सूज आहे का आणि तो आधाराशिवाय उभा राहू शकतो का ते पाहायचं. जे अगदी कृश किंवा अत्यवस्थ आहेत त्यांना घरी न पाठवता लगेच दाखल करायचं आणि औषधांबरोबर पोषणाचे उपचारही द्यायचे. टीबीचे बरेचसे मृत्यू निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतात. त्यामुळे हे आवश्यकच होतं. मद्रासच्या प्रयोगाने जगाला टीबीचे रुग्ण घरी ठेवायला शिकवलं, आणि कुणाला घरी ठेवू नये हेही त्याच राज्याने शोधायला घेतलं, याची मला गंमत वाटते.

केंद्राच्या निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून प्रत्येक टीबी रुग्णाला उपचार संपेपर्यंत महिन्याला ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. दानशूर व्यक्ती आणि संस्थांनी 'निक्षय मित्र' होऊन शिधा देण्याची योजना सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि पुढे रुग्णाच्या घरच्यांनाही तिच्या कक्षेत आणलं गेलं. दिशा योग्य आहे. पण पैसे बँक खात्यात येतात आणि माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचं खातं बंद पडलेलं असतं, किंवा नावातलं एक अक्षर आधारशी जुळत नसतं. पहिला हप्ता हातात पडेपर्यंत ते पहिले दोन महिने, ज्यांत वजन वाढायला हवं, निघून गेलेले असतात. भूक हप्त्यांची वाट पाहत नाही, हे कागद हलवणाऱ्यांना कोण सांगणार? तांदूळ-डाळ थेट घरात पोचली तर हा घोळ बराच टळतो, असं माझं मत आहे.

कुणी यातून 'चांगलं खाल्लं की टीबी बरा होतो' असा अर्थ काढू नये. औषधांशिवाय टीबी बरा होत नाही. झारखंडमध्येही प्रत्येक रुग्णाला पूर्ण औषधोपचार होता. आणि भरल्या घरातल्या, चांगल्या वजनाच्या माणसालाही टीबी होतो, विशेषतः मधुमेह असेल तर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर वजन कितीही असो, बेडका तपासून घ्या. घरात टीबीचा रुग्ण असेल तर बाकीच्यांची तपासणी आणि गरजेनुसार प्रतिबंधक गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्याच फेरीत सगळ्यांची वजनंही करून मागा.

तो वीटभट्टीवाला शेवटी बरा झाला. आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरने ओळखीच्या किराणा दुकानदाराला गाठून सहा महिने डाळ-तेल मिळवून दिलं. माझं त्यात श्रेय काही नाही. पण दीड वर्षाने त्याची थोरली मुलगी खोकत आली. वय चौदा, वजन २८ किलो. तीच ती, जिच्या वाटची भाकरी खाल्ल्यासारखं त्याला वाटायचं. तीही औषधांनी बरी झाली. बापाच्या उपचाराच्या वेळी मी तिचं वजन केलं नव्हतं. तिला रुग्णालयात बोलावलंही नव्हतं.

आता ओपीडीत डिजिटल काटा आहे, स्क्रूची भानगड नाही. गेल्या महिन्यात एका नव्या रुग्णाच्या घरच्यांना मी बोलावून घेतलं. नवरा, दोन मुलं, सासू असे एकेक जण चढून उतरले. रुग्णाची बायको मात्र मागे सरत म्हणाली, "माझं कशाला, डॉक्टर? मला काय झालंय?" खोकला नाही, ताप नाही, हे खरंच होतं. सासूने तिला पुढे ढकललं. चपला काढून ती काट्यावर उभी राहिली. आकडा आला ३६.४. मी तिला विचारलं, घरात शेवटी कोण जेवतं? ती नुसती हसली आणि सासू दुसरीकडे बघायला लागली.