क्लॅमथ नदीचा सामन आणि धरणांचा प्रश्न

अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरची चार धरणे पाडली गेली, ही हकीकत मी आमच्या अभ्यासवर्गात सांगितली तेव्हा एका कार्यकर्त्याने सरळ विचारले, "सर, बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेमागे ते उभे राहिले. मग धरण पाडल्याचा आनंद आपण का मानायचा?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी एका माशाची गोष्ट समजून घ्यावी लागते.

सामन म्हणजे आपला रावस नव्हे. बाजारात रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात खरे, पण त्याचे कूळ वेगळे. सामन जन्मतो नदीच्या थंड, वाहत्या पाण्यात. मादी शेपटीने तळाच्या खडीत खळगा करते, अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. त्या खडीतून पाणी खेळत राहिले तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. गाळ बसला की अंडी गुदमरतात. पिल्ले पुढे समुद्रात जातात, काही वर्षे तेथे वाढतात आणि जन्मनदीच्या पाण्याचा वास ओळखीत परत येतात. पॅसिफिक किनाऱ्याचा चिनूक सामन अंडी घातल्यावर मरतो. त्याचे कुजलेले शरीर म्हणजे समुद्रातून वर आणलेले खतच. ते पाण्यातल्या किड्यांना आणि काठच्या झाडांनाही मिळते. या वाटेत भिंत आडवी आली की वरच्या खोऱ्यातले हे सारे चक्रच थांबते. आपल्याकडेही हे घडले आहे. गंगेतून अलाहाबादपर्यंत चढणारा हिलसा १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या पात्रातून जवळजवळ नाहीसा झाला.

क्लॅमथ नदी ऑरेगन राज्यात उगम पावते आणि कॅलिफोर्नियातून समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात युरोक, करूक, हूपा, शास्ता, क्लॅमथ हे मूळनिवासी समाज राहतात. वरच्या खोऱ्यातील क्लॅमथ समाजाला १८६४ च्या करारात आपल्या राखीव प्रदेशातील नद्या-तलावांत मासेमारीचा अनन्य हक्क मिळाला होता. १९१८ साली कॉप्को हे वीजधरण पूर्ण झाले, पुढे आणखी तीन झाली. कॉप्कोला आणि १९६२ च्या आयर्न गेटला माशांसाठी वाटच ठेवलेली नव्हती. हक्क करारात राहिला आणि मासा धरणाखाली अडला.

खालच्या खोऱ्यात मासा येत होता, पण जाळे टाकण्याची बंदी! १९६९ साली रेमंड मॅट्झ या युरोक मच्छीमाराची जाळी राज्याच्या अधिकाऱ्यांनी जप्त केली. तो न्यायालयात गेला. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युरोकांचा राखीव प्रदेश संपुष्टात आलेला नाही असा निर्णय दिला. पण न्यायालयात जिंकलेला हक्क नदीत मासा आणून सोडीत नाही. सप्टेंबर २००२ मध्ये त्याचे दारुण प्रत्यंतर आले. दुष्काळी वर्ष, वर शेतीकडे वळवलेले पाणी, खाली उरलेला उथळ व कोमट प्रवाह आणि त्यात दाटीने परतलेले सामन. कल्ल्यांचा रोग पसरला आणि निदान ३४,००० मासे मेले. त्यानंतर या समाजांनी लढ्याला वेग दिला. वीजकंपनीची मालकी तेव्हा स्कॉटिश कंपनीकडे होती, म्हणून २००४ साली त्यांची माणसे थेट स्कॉटलंडला जाऊन उभी राहिली.

आता त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येतो. ही चार धरणे शेतीला पाणी देत नव्हती. ती होती फक्त विजेसाठी, आणि ती वीज कंपनीच्या एकूण विजेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. उलट त्यांच्या जलाशयांत पाणी तापे, विषारी शेवाळ माजे. परवाना २००६ साली संपला. नव्या परवान्यासाठी मत्स्यमार्ग बांधणे भाग होते आणि तो खर्च धरणे पाडण्याहून जड जात होता. कंपनीचे हृदयपरिवर्तन झाले, अशा भ्रमात कोणी राहू नये. तिच्यापुढे हा हिशेब ठेवायला तिला लोकांनी भाग पाडले. म्हणून दामोदर आणि क्लॅमथ एका मापाने मोजता येत नाहीत. पूर आवरणारे, ओलित करणारे, वीज देणारे धरण वेगळे आणि हे वेगळे.

२०२३ साली पहिले आणि २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत उरलेली तिन्ही धरणे पाडली गेली. पाडणे त्यातल्या त्यात सोपे. जलाशय रिते केले तेव्हा शंभर वर्षांचा गाळ वाहिला आणि त्या वेळी मासेही मेले, हे लपवण्यात अर्थ नाही. उघड्या पडलेल्या जमिनीवर तण माजू नये म्हणून तिथल्याच गवतांचे, झाडांचे बी पेरले गेले. ते बी युरोक माणसे कैक वर्षे आधीपासून हातांनी गोळा करीत होती. अब्जावधी दाणे! त्याच ऑक्टोबरात चिनूक ऑरेगनमधल्या उपनदीत दिसला, १९१२ नंतर प्रथमच. धरणाच्या वेळी शास्ता समाजाची गेलेली सुमारे २,८०० एकर जमीन परत देण्याचे कॅलिफोर्नियाने २०२४ साली जाहीर केले.

वरची दोन धरणे अजून उभी आहेत. शेतीचे पाणी तिथूनच वळते आणि शेतकरी व क्लॅमथ समाज यांच्यातला पाण्याचा वाद मिटलेला नाही.

हे सारे ऐकून घेतल्यावर तो कार्यकर्ता म्हणाला, "ठीक. पण दामोदरच्या धरणांनी जे संथाळ उठवले, त्यांची जमीन कोणी परत केली?" मी गप्प राहिलो. पुढच्या रविवारी वर्ग त्यावरच बसणार आहे.